सुलतान, सूनबाईला सांग

आमच्या थोरल्या मामंजींनी जन्मभर कुठलीही गोष्ट रांगेत उभी केल्याशिवाय पाहिली नाही. माणसं, घोडी, तुरीची पोती, न्हाणीतले तांबे, जत्रेतले पैलवान, फार काय देव्हाऱ्यातले देवसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले. त्यामुळे आमच्या घरी बाळकृष्ण कायम डाव्या टोकाला, आणि त्याला कधी बढती मिळाली नाही. थोरले मामंजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. अवघा मुलूख त्यांना जनरलसाब म्हणे, आणि ते काही गावानं थट्टेत पाडलेलं नाव नव्हतं. आळंदच्या बाजाराला आलेल्या एका घोड्याच्या व्यापाऱ्यामागं मिसरूड फुटायच्या आत घर सोडून गेलेला हा शेतकऱ्याचा मुलगा हैदराबादच्या रिसाल्यात साधा स्वार म्हणून लागला, पहिल्या महायुद्धात मिसरच्या वाळवंटात लढून आला, आणि एकेक पायरी चढत खरोखरीचा जनरल झाला. दरबारात उभं राहायचा मान, छातीवर पदकं, पुढं घोडेस्वार मागं घोडेस्वार, असं सगळं त्यांनी भोगलं. वर्षातून एकदा रजेवर गावी आले की सोबत बिगुलवाला असायचा. पहाटे बिगुल वाजला की गावातल्या म्हशी दूध चोरतात, अशी तक्रार बायका करत. पण ती माझ्या सासूबाईंपाशी, त्यांच्यापाशी नव्हे.

पेन्शन घेऊन ते गावी आले तेव्हा गावाला वाटलं होतं, म्हातारा आता स्वस्थ बसेल. त्यांनी पहिल्याच आठवड्यात गाव ताब्यात घेतलं. शाळेचा बक्षीससमारंभ असो, नव्या विहिरीचं पाणी काढायचं असो की कुस्त्यांचा फड, अध्यक्ष हेच. भाषण एका वाक्याचं, पण त्याआधी मुआयना. मुआयना म्हणजे तपासणी. पाठीमागं हात बांधून ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतके सावकाश चालत की पाहणाऱ्याला घाम फुटावा. मग खिशातून पांढराशुभ्र रुमाल निघायचा आणि नको त्या जागी फिरायचा. शाळेच्या मुआयन्यात त्यांनी मास्तरांच्या खुर्चीच्या खालून रुमाल फिरवला आणि तो वर धरून साऱ्या पोरांना दाखवला. मास्तर पुढं कितीतरी दिवस उभं राहूनच शिकवत होते. मुआयना खोटा करायचा नाही आणि अर्धा सोडायचा नाही, हा त्यांचा धर्म. "मुआयन्यात लबाडी केली म्हंजी लढाईत मानूस मरतंय," असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना चेष्टेचा मागमूस नसायचा.

त्यांच्यासोबत त्यांचा घोडाही पेन्शनीत आला होता. नाव सुलतान. तपकिरी, उंच, म्हातारा आणि मालकासारखाच ताठ. आता मी नवी सून. आमच्यात थोरल्या दिरापुढं भावजय बोलत नाही, आणि चुलत सासऱ्यापुढं सून तर नाहीच नाही. मामंजींना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला दोनच बायका, सासूबाई आणि मी, आणि दोघींनाही बोलायची बंदी. मग घर चालायचं कसं? तर सुलतानच्या तोंडून. त्याचा खुंटा अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर. मामंजी त्याच्यापुढं उभे राहून ठणकावून म्हणत, "सुलतान, सूनबाईला सांग, आज आमटीत मीठ पडलंच न्हाई." मी दाराआडून म्हणे, "सुलतान, मामंजींना सांग, मीठ ताटात वाढलं होतं." सुलतान दोघांचंही ऐकून घ्यायचा. अक्कलकोटहून सासरी आले तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. पुढं इतकी सवय झाली की माहेरी गेल्यावर वडिलांशी बोलतानाही मी नकळत गोठ्याकडं पाहायची.

सुलतानला माणसाचं बोलणं कळत होतं की नाही मला ठाऊक नाही, पण फौजेचे हुकूम त्याच्या हाडात मुरलेले होते. आमच्या शेजारच्या मुलाच्या लग्नात वरातीसाठी मामंजींनी मोठ्या मनानं सुलतान दिला. वऱ्हाडी पाय मिळवून चालत नव्हते, म्हणून मामंजी मागून ओरडले, "ठैर!" वऱ्हाड थांबलं, सुलतानही थांबला. मामंजींनी वऱ्हाडाला डावा पाय कोणता ते समजावलं. वऱ्हाड पुढं निघालं, पण सुलतान जागचा हलेना. नवऱ्यामुलानं टाच मारली, त्याच्या मामानं लगाम ओढला, कुणी गूळ दाखवला. मुहूर्त टळायला आला. शेवटी मामंजींच्या लक्षात आलं आणि त्यांनी हुकूम सोडला, "कदम चल!" तेव्हा कुठं घोडा मांडवाकडं निघाला. "हुकुमाबिगर हालला न्हाई," मामंजी अभिमानानं सांगत होते, आणि नवरीचा बाप कपाळाला हात लावून बसला होता.

असे दिवस फार काळ राहिले नाहीत. देश स्वतंत्र झाला आणि आमचा मुलूख मात्र हैदराबादच्या राजवटीत तसाच राहिला. राजवटीच्या पाठीराख्या, खाकी कपडे घातलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. आमच्या गावात त्यांचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. 'ते' म्हटलं की कळायचं. 'ते' मंठाळकडं गेले, 'ते' हळ्ळीखेडच्या वाटेला दिसले, अशा बातम्या यायच्या आणि बायका चुली विझवून आत बसायच्या. सुलतानची निगा राखणारा मोतद्दार एक दिवस आपलं मुंडासं खुंटीला विसरून, बायकामुलं घेऊन हद्दीपलीकडं निघून गेला. माझा नवरा शाळेत मास्तर होता. तोही गेला, पण पळून नव्हे. ओढ्यापलीकडं अक्कलकोटच्या हद्दीत या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांची छावणी होती, तिथं. त्याचे वडील लहानपणीच गेले, आणि पैसे पाठवून त्याला मामंजींनीच शिकवलेलं. जायच्या आधी दोघांचं अंगणात कडाक्याचं वाजलं. "अप्पा, तुमचं सरकार आता सरकार ऱ्हायलं न्हाई," हा म्हणाला. मामंजी लालबुंद झाले. "ज्या सरकारचं मीठ खाल्लंय त्याच्याविरुद्ध माझ्या अंगणात बोलायलास? जा. पन ध्यानात ठेव, या घरात पुन्हा दिसलास तर मी सोता तुला धरून सरकारच्या हवाली करीन." मामंजींनी दिलेला शब्द मोडल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. मला तेव्हा पाचवा महिना होता.

मुलगी झाली ती नवऱ्यानं पाहिली नव्हती. उन्हाळा सरता सरता एके दिवशी अगदी पहाटे तो मागच्या दारानं आला. धोतर फाटलेलं, दाढी वाढलेली. मुलीला हातात घेतलं आणि गपकन खाली बसला. तासाभरात परत जाणार होता, पण तेवढ्यात गाव जागं झालं, आणि गावाला एकच वेस. दिवसाउजेडी ती ओलांडणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी त्याला कडब्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मी चुलीपुढं बसले खरी, पण भाकरी काही केल्या गोल होत नव्हती.

मामंजींचा रोजचा मुआयना नेहमीच्या वेळी सुरू झाला. न्हाणी झाली, पाण्याचे हंडे झाले, तुळशीचा कट्टा झाला. मग ते कडब्याच्या खोलीपाशी आले. सुलतानला गवत आणि हरभरा लागे, म्हणून त्या कडीला महिनामहिना कुणी हात लावत नसे, तिच्यावर धुळीचा थर असायचा आणि त्यावरून मी रोज बोलणी खायची. त्यांनी रुमाल काढला, कडीवरून फिरवला, आणि रुमालाकडं पाहत राहिले. रुमाल पांढराच होता. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मामंजी सावकाश सुलतानपाशी आले. "सुलतान," ते म्हणाले, "कडब्याच्या खोलीची कडी आज लई सोच्छ हाय." एवढं बोलून आत निघून गेले. ते चिडलेत की काय, त्यांच्या मनात काय आहे, काही समजेना. मला त्या क्षणी 'त्यां'च्यापेक्षा मामंजींची भीती वाटली, हे सांगायला मला आजही वाईट वाटतं.

ऊन वर आलं आणि 'ते' आले. तीस-चाळीस जण असतील, खांद्याला बंदुका. त्यांचा म्होरक्या म्हणजे आळंदला कापडाच्या दुकानात कापड मोजून देणारा एक तरणा पोरगा. आता कमरेला तलवार होती. ते थेट आमच्या दारात. कुणीतरी खबर दिलेली होती. म्होरक्यानं मात्र मामंजींना पाहताच टाचा जुळवून सलाम ठोकला. ही त्या लोकांची मोठी हौस. आपण खरी फौज आहोत असं त्यांना वाटे, आणि खऱ्या जनरलनं तसं म्हणावं अशी फार इच्छा. "जनरलसाब, माफी," तो म्हणाला, "आपका भतीजा अंदर है बोलके खबर है. झडती लेना है."

मी दाराआड उभी. मामंजी शांतपणे म्हणाले, "झडती सरकारी काम हय, ले लेव. मैं नको नईं बोलता. लेकिन तुम फौज बोलते न अपने कू? मेरे घर में फौज मुआयना दिए बगैर नईं घुसती. चावडी के सामने लाइन लगाव. मैं वर्दी पहन के आता."

म्होरक्याचा चेहरा उजळला. जनरलच्या हातून मुआयना! तो पळतच चावडीकडं गेला. दाराशी राहायला कुणी तयार होईना, कारण रांगेत उभं राहायचा मान सगळ्यांनाच हवा होता.

मामंजींनी पेटी उघडली. निळा कोट, सोनेरी पट्टा, फेटा. पदकं लावताना मात्र, सासूबाईंच्या देखत पहिल्यांदाच, त्यांना एक पदक दोनदा लावावं लागलं. मग ते अंगणात आले आणि सुलतानपुढं उभे राहिले. हातात त्या पळालेल्या मोतद्दाराचं मळकं मुंडासं होतं. ते त्यांनी कडब्याच्या खोलीच्या कडीला अडकवलं आणि कडी काढली.

"सुलतान," ते हळू म्हणाले, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं, "तुला आज वड्यापल्याड न्यायलेत. मोतद्दार नवा हाय, सांभाळून घे. मी रांग धरून ठेवतो. वेशीतून जाताना कुनीबी पळायचं न्हाई, घोड्याच्या चालीनं जायचं. आनि सूनबाईला सांग, पोरीचं तोंड पदराखाली घ्या, ऊन लागंल."

मी दाराआडून म्हटलं, "सुलतान, मामंजींना विचार, तुम्ही?"

"जनरल मागं ऱ्हातो, सुलतान. तुला ठाव हाय ते," असं म्हणून त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला, जरा जास्तच वेळ, आणि ताडताड बाहेर पडले. सासूबाईंनीही यायला नकार दिला. "माज्या म्हातारीचं काय नेतेत? जा तुमी," म्हणाल्या.

आम्ही निघालो तेव्हा चावडीपुढं मुआयना रंगात आला होता. वेशीकडं जायची वाट त्या चौकातूनच. नवरा मुंडासं नाकापर्यंत ओढून घोड्याच्या पलीकडच्या अंगाला, लगाम हातात. मी मागून, मुलगी पदराखाली. दोन रांगा चावडीच्या भिंतीकडं तोंड करून उभ्या, आणि आम्ही त्यांच्या बाजूनं जाणार. मामंजींचा आवाज चौकभर घुमत होता. "बटन काँ गया रे? ... नजर सामने! ... ये बंदूक हय क्या चूल की फुकनी? नळी में गांधील ने घर बांध्या देख!" रुमाल बंदुकीच्या नळीत जात होता आणि वर धरला जात होता. कुणाची बुबुळं जरा इकडं वळली की, "नजर सामने!" शेतात पाखरं हाकताना माणूस ओरडतो तसा तो आवाज. चाळीस माणसं आमच्यापासून पाचदहा हातांवर होती आणि एकालाही मान वळवायची मुभा नव्हती. माझं लक्ष फक्त नवऱ्याच्या टाचांवर होतं. त्या धुळीत भराभर पडू पाहत होत्या आणि तो त्यांना आवरत होता.

आम्ही बरोबर चौकाच्या मधोमध असताना कडेच्या एका पोरानं मान वळवलीच. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि रांगेतून एक पाऊल बाहेर टाकलं. मामंजींच्या तोंडून, साऱ्या जन्माच्या सवयीनं, हुकूम सुटला, "ठैर!"

पोर थांबलं. आणि सुलतानही थांबला.

नवऱ्यानं लगाम ओढला. सुलतान हलेना. मी मागून त्याच्या पाठीला हात लावला, तो दगडासारखा उभा. पदराखाली मुलगी चुळबुळ करू लागली. मला ते लग्न आठवलं, तो कपाळाला हात लावून बसलेला नवरीचा बाप आठवला. मामंजींनी आमच्याकडं पाहिलं. त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी पुन्हा कधीच पाहिलं नाही. मिसरच्या लढाईतही ते एवढे घाबरले नसतील. घोड्याला हुकूम दिला असता तर सगळ्यांच्या माना घोड्याकडं वळल्या असत्या. मग ते झटकन रांगेकडं फिरले आणि छाती फुटेल असे ओरडले, "पूरी फौज! कदम... चल!"

रांगा चालू लागल्या. सुलतानही चालू लागला. फौज चावडीच्या भिंतीकडं, सुलतान वेशीकडं. चौकातून वेस गाठेपर्यंत मागून पायांचा एकसारखा दणदणाट येत होता, आणि मग म्होरक्याचा कासावीस आवाज, "जनरलसाब, दीवार आ गई!" त्यावर मामंजी कडाडले, "ठैरने का हुकुम हुआ क्या?" आम्ही वेस ओलांडली, वळणाआड गेलो, तरी तो दणदणाट चालूच होता. सासूबाईंनी नंतर सांगितलं, पहिल्या रांगेची नाकं भिंतीला लागली होती आणि पाय जागच्या जागी चालत होते. सुलतानच्या टापा ऐकू यायच्या बंद झाल्यावर मगच मामंजींनी "ठैर" म्हटलं. घराची झडती झाली. कडबा निघाला, तुरीची पोती फुटली, दुसरं काही निघालं नाही. जाताना म्होरक्यानं सलाम ठोकला. मामंजींनी तो घेतला, आत आले, कोट घडी करून पेटीत ठेवला आणि पेटीवर बसून राहिले.

ओढा ओलांडताच माझा नवरा पोरीला छातीशी धरून ढसाढसा रडला. मी माहेरी राहिले, तो छावणीत. सुलतान माहेरच्या गोठ्यात सुखानं राहिला नाही. वैरण खाईना, सारखी मान वळवून वाटेकडं पाही. हुकूम द्यायला कुणी नव्हतं, आणि पावसाळ्यात एका सकाळी तो उठला नाही. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं, आणि आम्ही परतलो. मी सोबत लगाम आणला होता. मामंजींनी तो काही न विचारता घेतला आणि अंगणातल्या रिकाम्या खुंट्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी खुंट्यापुढं उभं राहून म्हणाले, "सुलतान, सूनबाईला सांग, पोरीचं नाव ठिवायचं ऱ्हायलंय." मी दाराआडून खुंट्याला उत्तर दिलं.

गावात झेंडावंदन झालं तेव्हा नव्या फौजेचा एक तरुण अधिकारी मुद्दाम घरी आला, मामंजींनी वर्दी घालून मुआयना करावा म्हणून फार आग्रह केला. मामंजी साध्या धोतरात गेले आणि रांगेच्या शेवटी, लोकांत उभे राहिले. मुआयना त्यांनी केला नाही. पुन्हा कधीच केला नाही. शाळेचा नाही, फडाचा नाही, घरातल्या हंड्यांचाही नाही. लोक म्हणू लागले, जुन्या सरकारसाठी म्हातारा अजून सुतक पाळतोय. माझा नवरासुद्धा तसंच समजायचा. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तुळशीपत्रांच्या मध्ये कुठंही लवंडलेला असायचा, आणि मला ते पाहवत नसे.

एका दुपारी मी तूर पाखडत होते. मामंजी बराच वेळ खुंट्यापुढं उभे होते. लगामाची पितळी कडी बोटांनी फिरवत होते.

"सुलतान," ते शेवटी म्हणाले, "जरा सूनबाईला इचार. त्या दिशी मी मुआयना केला. जन्मात एकबी खोटा केला न्हवता. त्या बंदुका... खरंच घाण होत्या न्हाई का?"

मी त्या दिवशी नवऱ्याच्या टाचांखेरीज काही पाहिलं नव्हतं. सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराबाहेर, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिले.

"होत्या, मामंजी. फार घाण होत्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, तसाच हातात धरून राहिले, आणि डोळ्यांना लावला.

"मग बरं झालं, सूनबाई," ते मला म्हणाले.